अनारशाचं पीठ आणि निमाईचा गुडघा

गेल्या नऊ दिवाळ्यांत मी एकही अनारसा खाल्लेला नाही. घरी सांगितलंय की मला त्याने पित्त होतं. वैशाली, म्हणजे माझी बायको, दर वर्षी न चुकता विचारते, "अर्धा तरी घ्या." मी पोटावरून हात फिरवतो आणि चकलीच्या डब्याकडे वळतो. पित्ताची गोष्ट खोटी आहे. खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही, माझ्या वरिष्ठांना सांगितलेलं नाही आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे "तुमच्या त्या वेगळ्या कामाबद्दल काहीतरी हलकंफुलकं" मागितलं होतं. पुष्कळसं तसंच लिहिणार आहे, कारण या कामाने मला आनंदही भरपूर दिलाय. पण लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य हेच आलं. तेव्हा राहू दे.

मी कोलकात्याचा. आजोबा इथे केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून आले आणि परत गेलेच नाहीत. इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, "आपटे, तुम्ही इस्पितळात नक्की काय करता हो?" तर मी पूर्वी "लॅबमध्ये असतो" म्हणायचो. मग ते म्हणायचे, "म्हणजे रक्त-लघवी?" मी मान हलवायचो. सांगण्यात फार वेळ गेला असता. आता पानं मिळालीच आहेत तर सांगतो.

मी पेशी वाढवतो. माणसाच्या, जिवंत, त्याच्याच शरीरातून काढलेल्या. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर एक पांढरी, गुळगुळीत गादी असते. तिला कूर्चा म्हणतात. शहाळं फोडल्यावर आत घट्ट मलई दिसते ना, तशी चकचकीत. तिच्यामुळे हाडावर हाड घासत नाही. पण या गादीला रक्तपुरवठा नाही. त्यामुळे एकदा तिचा टवका उडाला की ती स्वतःहून भरून येत नाही. कातडी भरते, हाड जुळतं, कूर्चा मात्र तशीच राहते. खड्डा हळूहळू मोठा होत जातो आणि माणूस एक दिवस जिना पाहून घाबरायला लागतो.

अशा माणसाच्या कमरेच्या हाडातून जाड सुईने थोडा मगज, म्हणजे अस्थिमज्जा, काढतात. त्या लालभडक द्रवात असंख्य पेशींमध्ये अगदी थोड्या मूळ पेशी असतात, म्हणजे अजून काय व्हायचं हे न ठरलेल्या पेशी. योग्य जागी योग्य सोबत मिळाली तर त्या कूर्चा होऊ शकतात. पण मगजातून निघतात त्या इतक्या थोड्या की खड्ड्याच्या तळालाही पुरणार नाहीत. म्हणून त्या माझ्याकडे येतात. चपट्या बाटलीत गुलाबी पोषकद्रव घालायचा, त्यात मगज सोडायचा, बाटली अंगाइतक्या उबेच्या पेटीत आडवी ठेवायची. बाकीच्या पेशी तरंगत राहतात, धुऊन जातात. मूळ पेशी तळाला चिकटतात आणि एकीच्या दोन, दोनच्या चार होऊ लागतात. दर तिसऱ्या दिवशी जुना द्रव काढून ताजा घालायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. महिनाभराने तळ भरतो. मग त्या सोडवायच्या, मोजायच्या आणि सर्जनच्या हाती द्यायच्या. सर्जन त्या एका चिकट जेलमध्ये मिसळून खड्ड्यात भरतात.

थोडक्यात, गोठा सांभाळणाऱ्याचं काम. वेळेवर खाणं, उबदार जागा, कमालीची स्वच्छता आणि धीर.

हे सगळ्यांसाठी नाही, हेही सांगून टाकतो, कारण दिवाळी अंक वाचून फोन येतात. आमच्याकडे हे काम अभ्यास-प्रयोग म्हणूनच चालतं, ठरलेल्या नियमांत, निवडलेल्या रुग्णांवर. एकदा सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका कुठल्याशा दवाखान्याचं रंगीत पत्रक घेऊन आल्या. एका इंजेक्शनात गुडघा तरुण, असं त्यावर छापलेलं. मी त्यांना म्हटलं, "मावशी, रस्त्यात एक खड्डा असेल तर तो आम्ही भरतो. तुमचा सगळा रस्ताच झिजलाय." त्या म्हणाल्या, "मग तुमच्या त्या पेशींचं मी काय लोणचं घालू?" आणि पत्रकाची घडी करून पर्समध्ये ठेवून निघून गेल्या. ते इंजेक्शन त्यांनी घेतलं असणार. मला अजून वाईट वाटतं.

दुसरे एक नागपूरहून बदलून आलेले बँक मॅनेजर. बॅडमिंटनमध्ये गुडघा गेलेला. त्यांनी अर्जावर सही करण्याआधी आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, या पेशी शाकाहारी आहेत ना?" मी हसणार होतो, पण प्रश्न बरोबर होता. तेव्हा आमच्या द्रवात वासराच्या रक्तातला एक भाग असे. मी खरं ते सांगितलं. ते दोन दिवस विचार करून आले आणि म्हणाले, "गुडघ्याच्या आत काय चाललंय ते बाहेर कुणाला कळतंय? घाला." पुढे आम्ही रुग्णाचंच रक्त घेऊन त्यातला भाग वापरायला लागलो. त्यांना हे कळवलं तेव्हा फोनवर एवढंच म्हणाले, "मला थोडं उशिरा सांगितलंत."

आता दोईचं. दोई म्हणजे दही. इथे ते मातीच्या भांड्यात, गोड आणि लालसर मिळतं, आणि त्याविरुद्ध एक शब्दही कोणी ऐकून घेत नाही. मी प्रयोगशाळेचा प्रमुख झालो आणि पहिल्याच आठवड्यात दोईवर बंदी घातली. आमचा खरा शत्रू म्हणजे आंबवणारे जीव, विशेषतः यीस्ट. पावात, दह्यात, इडलीच्या पिठात, जे जे आंबतं त्यात ते किंवा त्यांचे भाईबंद असतात. एक जरी बाटलीत गेला तरी आमचा गोड, उबदार द्रव म्हणजे त्याची मेजवानी. तीन दिवसांत पेशी उपाशी मरतात आणि यीस्टचं राज्य येतं. म्हणून दारावर मी स्वतःच्या अक्षरात बांगला आणि इंग्रजीत पाटी लावली: ज्याने आज दही, पाव किंवा कोणतंही आंबवलेलं पीठ हाताळलं असेल, त्याने आत येऊ नये. घड्याळ, अंगठी बाहेर काढून ठेवावी.

माझी सहकारी सुतपा ही बागबाजारची. मराठे घोडेस्वार बंगालवर चालून यायचे, त्यांना इथे अजून बर्गी म्हणतात. त्यांना अडवायला खणलेला मराठा खंदक तिच्या घराजवळूनच सुरू व्हायचा. पाटी वाचून ती म्हणाली, "आपटेदा, तो खंदक बुजवायला नको होता. तुमच्या लोकांनी तेव्हा धान्य लुटलं, आता तुम्ही दोई घेऊन चाललात."

मी म्हटलं, "खा ना. घरी खा, रविवारी."

"रविवारी दोई खाऊन सोमवारी आंघोळ करून येऊ, की सोमवारची रजा टाकू? बर्गीसाहेबांचा हुकूम काय आहे?"

एकदा तिच्या कपाळाला शुभकार्याचा दह्याचा टिळा दिसला म्हणून मी तिला दारातून परत पाठवलं होतं. तिच्या धाकट्या भावाची परीक्षा होती त्या दिवशी, घरात सगळ्यांनाच टिळा लावलेला. ती गेली, आंघोळ करून आली. मी एवढा कडक होतो. याचा मला अभिमान होता.

निमाई मंडल आला तो या काळात. शहराच्या दक्षिणेकडच्या बेहालाचा, वय एकोणतीस, धंदा बांबूवर चढण्याचा. दुर्गापूजेचे ते मोठाले मंडप, ज्यांचे फोटो तुम्ही पाहता, त्यांचा सांगाडा बांबूंचा असतो. तो बांधणारी माणसं शिडी वापरत नाहीत. दोन गुडघ्यांत बांबू धरून वर सरकतात आणि हात मोकळे ठेवून काथ्याने गाठी मारतात. सगळा भार गुडघ्यांच्या पकडीवर. श्रावणात ओल्या बांबूवरून निमाई घसरला, पाय पिळून पडला आणि उजव्या गुडघ्यातल्या कूर्चेचा रुपयाच्या नाण्याएवढा टवका उडाला. बाकी गुडघा नवाकोरा. आमच्या अभ्यासासाठी याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता.

मगज काढायच्या दिवशी त्याने मला विचारलं, "दादा, हे माझंच ना? दुसऱ्या कुणाचं नाही?"

"तुझंच."

"मग वाढेल. आमचे बाबा साठीपर्यंत बांबूवर होते."

आणि ते वाढू लागलं. बाराव्या दिवशी त्याच्या बाटल्यांत मासोळ्यांचे थवे उतरावेत तशा लांबट पेशी तळाशी पसरल्या होत्या. चांगलं पीक येणार हे दिसत होतं.

मधे दिवाळी आली. इथे त्याच दिवशी कालीपूजा असते, सुट्टी. निमाईच्या बाटल्यांचा द्रव बदलण्याचा दिवस नेमका तोच. सुतपाला मी रजा दिली होती, म्हटलं मी येऊन तासाभरात करून जाईन. सकाळी घरी अनारशांची गडबड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सुकवून, कुटून, गूळ घालून गोळे करून डब्यात ठेवायचे. पाच-सहा दिवसांत पीठ आंबतं, तेव्हाच अनारशाला जाळी पडते. वैशालीचं बोट चकल्या तळताना भाजलं होतं. ती म्हणाली, "अहो, एवढं पीठ मळून द्या ना." मी केळं कुस्करून घालून अर्धा तास पीठ मळलं. चांगला हात बसलेला आहे माझा. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि निघालो. दुपारी जेवायला पाहुणे येणार होते.

पाटीसमोर मी उभा राहिलो. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. विसरलो नव्हतो. वाचली पाटी. "कोणतंही आंबवलेलं पीठ" हे माझ्याच अक्षरातले शब्द वाचले आणि मनात म्हटलं, हात धुतलेत, हातमोजे घालणारच आहे. परत जाऊन आंघोळ करून यायला दीड तास गेला असता. एक दिवस उशीर झाला असता तरी पेशी तगल्या असत्या, तेही माहीत होतं. आत गेलो. घाईत घड्याळही काढलं नाही. त्याच्यावरच बाही ओढली, हातमोजा ओढला.

भाऊबीजेच्या दिवशी गेलो. सुतपा भाईफोंट्यासाठी, म्हणजे इथल्या भाऊबीजेसाठी, भावांकडे गेलेली, मी एकटाच. पेटी उघडली तर निमाईच्या चारही बाटल्या पिवळ्या. आमचा गुलाबी द्रव आंबट झाला की पिवळा पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मासोळ्या आक्रसून गेलेल्या आणि त्यांच्यावर साबुदाण्यासारखे मणी, प्रत्येक मण्याला एक छोटा मणी फुटलेला. झाकण उघडलं. आमच्या स्वयंपाकघरातला वास आला. आंबूस, गोड, गुळाचा.

मग घड्याळ काढून पाहिलं. पट्ट्याच्या बकलात वाळलेलं पीठ होतं, नखाने खरवडण्याइतकं.

आता पुढचं नीट सांगतो, कारण गुन्हा पिठाचा नाही, पुढचा आहे. चूक कुणाकडूनही होते. आमच्या अभ्यासाचा नियम साधा होता. बाटली दूषित झाली तर वहीत "दूषित" लिहायचं, प्रयोगशाळा बंद करून धुऊन काढायची, कारण शोधायचं आणि त्या रुग्णाचा मगज पुन्हा काढून नव्याने सुरू करायचं. पण पेशी निरोगी असूनही वाढल्याच नाहीत, तर "वाढ नाही" लिहायचं, आणि तो रुग्ण अभ्यासातून बाद. कारण मग दोष त्याच्या पेशींतच आहे असं धरायचं.

पेटीत आणखी दोन रुग्णांच्या बाटल्या होत्या. त्यांचा द्रव दिवाळीच्या आदल्या दिवशीच सुतपाने बदलला होता, त्या स्वच्छ दिसत होत्या. प्रयोगशाळा बंद झाली असती तर त्याही टाकाव्या लागल्या असत्या. मी स्वतःला सांगितलं, मी त्या दोघांना वाचवतोय. पुढे त्यांच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या, त्या शस्त्रक्रिया उत्तम झाल्या आणि माझी सबब आणखीनच मजबूत झाली. पण तो विचार नंतर आला. आधी आला तो हा: कारण शोधायला बसतील तेव्हा पाटी लावणारा माणूस कोण, हे विचारतील.

मी बाटल्या जंतुनाशकात रिकाम्या केल्या, पेटी पुसून काढली आणि वहीत लिहिलं: "निमाई मंडल, वाढ नाही."

डॉ. मित्रा, आमच्या सर्जन आणि अभ्यासाच्या प्रमुख, त्या आठवड्यात परगावी होत्या. निरोप मीच द्यायचा होता. निमाई काठी टेकत आला. मी म्हटलं, "निमाई, पेशी वाढल्या नाहीत."

"नाही?"

"कधीकधी होतं असं. काहींच्या पेशी... कमी जोमाच्या असतात."

त्याने रागवावं, दुसरीकडे दाखवतो म्हणावं, अशी मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "माफ करा दादा. तुमची एवढी मेहनत वाया घालवली मी." आणि पिशवीतून संदेश मिठाईचा खोका काढून टेबलावर ठेवला. भाईफोंट्याला बहिणीने दिलेला, माझ्यासाठी राखून ठेवलेला.

तो खोका सुतपाने खाल्ला. मला पित्त झालं होतं.

पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत आम्ही पुष्कळ गुडघे भरले. एक टपालवाली पुन्हा जिने चढायला लागली, बँक मॅनेजर पुन्हा बॅडमिंटन हरायला लागले. परिषदांमध्ये माझं नाव घेतलं गेलं. मी पाटी तशीच ठेवली आणि दिवाळीच्या आठवड्यात एकटाच लॅबवर राहायला लागलो. सगळ्यांना वाटलं, किती निष्ठा.

मग नवा अभ्यास सुरू झाला आणि अर्जांच्या गठ्ठ्यात सुतपाने एक कागद वेगळा काढला. "हा बाद. जुना माणूस आहे, आपल्याच वहीत आहे. वाढ नाही."

मी कागद घेतला. निमाई मंडल, बेहाला. धंद्याच्या रकान्यात "मंडप-मिस्त्री" होतं आणि पुढे कंसात कुणीतरी लिहिलेलं, "जमिनीवरचं काम". म्हणजे बांबू मोजणं, काथ्या भिजवणं. बाकीचे वर असताना खालून गाठी ओरडून सांगणं.

मी डॉ. मित्रांच्या खोलीत गेलो. या बाई बुटक्या, चष्मा नाकावर, आणि कुणाचंही पूर्ण ऐकून घेतात, त्यामुळे त्यांच्यापुढे खोटं बोलायला जास्त वेळ मिळतो.

"मॅडम, याला घ्यायला हवं."

"नियम काय आहे, आपटे?"

"एकदा न वाढणं हा पुरावा नाही. तेव्हा आपली पद्धत कच्ची होती. आता रुग्णाचंच रक्त वापरतो आपण."

"आणि पुन्हा नाही वाढलं तर? एका जागेवर दुसरा कोणी बसला असता."

"वाढेल."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कधी असं बोलत नाही. 'बहुधा', 'बघू', 'सांगता येत नाही', हे तुमचे शब्द. आज काय झालंय?"

तिथे मला बोलता आलं असतं. दार बंद होतं, बाई ऐकत होत्या. मी म्हणालो, "माझ्या जबाबदारीवर लिहा." आणि त्यांनी लिहिलं.

निमाईचा गुडघा पुन्हा तपासला. खड्डा वाढला होता, पण भोवतालची कूर्चा अजून धड होती. आणखी दोन वर्षांनी तो आमच्या हातातून गेला असता. मगज काढताना या वेळी त्याने "हे माझंच ना?" असं विचारलं नाही. म्हणाला, "दादा, नाही वाढलं तर मनाला लावून घेऊ नका. मला माहीत आहे माझं."

तो महिना मी कसा घालवला ते फक्त मला माहीत. घरात दही लावणं बंद करायला लावलं. वैशाली म्हणाली, "अहो, आता घरातही पाटी लावा." घड्याळ लॅबला नेलंच नाही. बाटल्यांना सुतपा हात लावायला आली तर म्हणायचो, मी करतो. बाराव्या दिवशी ती माझ्या आधी येऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसली होती.

"आपटेदा, या माणसाच्या पेशी वाढत नाहीत असं कुणी लिहिलं होतं?"

"मी."

ती पुन्हा डोळा लावून बघत राहिली. मग नुसतं "हं" म्हणाली आणि मला जागा करून दिली.

असं दृश्य मी माझ्या सगळ्या नोकरीत चार-पाच वेळाच पाहिलंय. तळाशी जिकडेतिकडे थवे. लांब, तेजस्वी, एका दिशेने वळलेले, कडेकडेला दुभंगून नव्या पेशी होत असलेले. तीन आठवड्यांत बाटल्या भरल्या. पाचव्या, सहाव्या बाटलीत विभागाव्या लागल्या. मोजणीच्या दिवशी मी तीनदा मोजलं, सुतपाने चौथ्यांदा मोजलं. हव्या होत्या त्याच्या दुपटीहून जास्त होत्या आणि जवळजवळ सगळ्या जिवंत. सुतपाने मोजणीयंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "साठीपर्यंत बांबूवर चढणाऱ्याचा मुलगा आहे. ऐकलं होतं मी तेव्हा."

शस्त्रक्रियेच्या दिवशी लिफ्ट बंद. गार पेटी दोन्ही हातांत धरून मी चार मजले चढलो. सुतपा पुढे, "सरा, सरा, जिवंत माल आहे!" असं ओरडत. डॉ. मित्रांनी खड्ड्याच्या कडा स्वच्छ केल्या, जेल भरला, पृष्ठभाग सारवल्यासारखा सपाट केला. मला काचेतून दिसत होतं. त्यांनी न वळता विचारलं, "आपटे, बहुधा?" मी म्हटलं, "नाही मॅडम, नक्की."

वर्षभराने दुर्बीण घालून आत पाहिलं. पडद्यावर खड्डा शोधावा लागला. जिथे तो होता तिथे शहाळ्याची मलई. डॉ. मित्रांनी सळईचं टोक दाबलं, कूर्चा दबली आणि परत उठली. भोवतालच्या कूर्चेइतकीच टणक. खोलीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बहुतेक मीच.

गेल्या भाद्रपदात निमाईचा फोन आला, "दादा, बेहालाला या. मेट्रोने या, आता सोपं आहे." गेलो. गल्ली दोन्ही बाजूंनी बांबूंनी भरलेली, मध्ये तीन मजली सांगाडा. मी खाली शोधत होतो. वरून हाक आली, "आपटेबाबू! इथे!" मान वर केली. आकाशात, शेवटच्या आडव्या बांबूच्याही वर, उभ्या बांबूला दोन गुडघ्यांनी धरून निमाई बसला होता. दोन्ही हात सोडलेले. ते हात हवेत पसरून त्याने मला दाखवले, बघा म्हणून. मग उजवा पाय सोडला, पुन्हा धरला, आणि सरसर खाली आला.

मी आयुष्यात पुष्कळ बक्षिसं पाहिली आहेत, माझ्या साहेबांना मिळालेली. हे माझं होतं. मी उघड्यावर रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

निमाईने माझा हात धरून मला सगळ्या कारागिरांपुढे उभं केलं. "हे आपटेबाबू. माझ्या पेशी मुळातच कमजोर. एकदा वाढल्याच नाहीत. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं. यांनी कमजोर पेशी वाढवून दाखवल्या. देवमाणूस."

सगळ्यांनी हात जोडले. एकाने चहा आणला. शेजारच्या पायरीवर निमाईची दहा वर्षांची मुलगी, मीठू, पाटीवर काहीतरी लिहीत बसली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काय गं, शाळेत खेळतेस की नाही?"

उत्तर निमाईने दिलं. "धावायची फार. शर्यतीत निवडलं होतं. मी नाव काढून घेतलं, दादा. आमच्या घराण्याचं रक्तच तसं. माझ्यासारखं झालं तर? प्रत्येक वेळी तुम्ही कुठे भेटणार?"

मीठूने वर पाहिलं नाही. मी चहा प्यायलो, मेट्रोने घरी आलो.

ती गोष्ट घडून वर्ष झालं. हे मी मराठीत लिहिलंय, आणि निमाईला मराठी येत नाही. ही सोय मी करून घेतली आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. वैशाली वाचेल, आणि या वर्षी अनारशाचं ताट पुढे येईल तेव्हा काय म्हणायचं ते तिचं ती ठरवेल. हा मजकूर संपादकांकडे जाईल त्याच दिवशी याची माहिती देणारं पत्र डॉ. मित्रांच्या टेबलावर असेल. जुन्या वहीतली ती ओळ माझ्या सहीनेच दुरुस्त व्हायला हवी, पुढे काय करायचं ते त्यांच्या हाती.

पण ते सगळं सोपं आहे. एक गोष्ट राहते. बेहालाला जायचं, निमाईला आणि मीठूला समोर बसवायचं आणि त्यांच्या भाषेत सांगायचं: निमाई, तुझ्या पेशी कधीच कमजोर नव्हत्या. पहिल्यांदाही त्या छान वाढत होत्या. मी त्या मारल्या आणि दोष तुझ्यावर लिहिला. मीठूला धावू दे.

एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.